शिडाच्या बोटीच्या इंजिनासाठी होज : मिरकरवाड्यातील एका दुकानाचे परीक्षण

शिडाच्या बोटीला इंजिनाची खरी गरज लागते ती खाडीच्या तोंडाशी, वारा पडलेला असताना आणि ओहोटीचा ओढ विरुद्ध असताना. अशा जागी इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा एक होज (लवचिक नळी) फुटला तरी इंजिन बंद करावे लागते आणि बोट वाळूच्या दांड्याकडे सरकू लागते. जयगडच्या खाडीत नांगरून असणाऱ्या आमच्या तीस फुटी बोटीचे सर्व होज या पावसाळ्यात, ती किनाऱ्यावर शाकारलेली असताना, बदलायचे ठरले आणि त्यासाठी रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळच्या, मच्छीमार बोटींचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानातून बहुतेक खरेदी केली. त्या दुकानाचे आणि तिथल्या मालाचे हे परीक्षण आहे.

दुकानाची सर्वांत चांगली बाब अशी, की किती सुताचा (म्हणजे किती व्यासाचा) पाइप हवा हे विचारण्याआधी मालक विचारतात, "पाइप खेचायचा की फेकायचा?" होजची निवड इथूनच सुरू व्हायला हवी. सी-कॉकपासून (बोटीच्या तळाशी समुद्राचे पाणी आत घेणाऱ्या झडपेपासून) पंपापर्यंतचा होज पाणी खेचतो. गाळणीत शेवाळ, प्लॅस्टिकची पिशवी किंवा पावसाळ्यानंतरच्या दिवसांत जेलीफिश अडकले की आत निर्वात तयार होतो, मऊ होज चपटा होतो आणि इंजिन तापते, तरीही बाहेरून पाहणाऱ्याला होज शाबूत दिसतो. म्हणून या जागी तारेचे वेटोळे असलेला जाड रबरी होजच हवा. मालकांनी तसा पाऊण इंची होज मीटरने कापून दिला आणि कापलेल्या टोकाशी उघडी पडलेली तार दाखवून तिथे सीलंट लावायला सांगितले, कारण खारे पाणी त्या टोकातून तारेवर चढते आणि होज आतल्या आत गंजत जातो. बाहेर तपकिरी डाग दिसेपर्यंत आतले बरेच नुकसान झालेले असते. हिरव्या पारदर्शक पीव्हीसी पाइपाचे वेटोळे त्यांच्या दारातच टांगलेले होते आणि ते स्वस्तही होते, पण इंजिनच्या उष्णतेत तो मऊ पडतो, म्हणून तो पाइप त्यांनी स्वतःहून बाजूला ठेवला. असा दुकानदार आपल्या किनाऱ्यावर विरळा आहे.

इंजिनातच फिरत राहणाऱ्या, बंद चक्रातील गोड्या पाण्याच्या होजसाठी मोटारीच्या दर्जाचा ईपीडीएम या उष्णता सोसणाऱ्या कृत्रिम रबराचा माल चालतो आणि तो इथे भरपूर आहे. अट एकच : जिथे आखूड वळण आहे तिथे साच्यातून वाकवूनच काढलेला होज घ्यावा, कारण सरळ होज दाबून वळवला की आतून मुडपतो आणि पाण्याचा प्रवाह अर्ध्यावर येतो. जुना होज सोबत नेल्यास मालक त्याच्या शेजारी नवा ठेवून वळण जुळवून देतात. मात्र ईपीडीएमवर डिझेल किंवा इंजिन ऑइल ठिबकत राहिले तर तो फुगतो आणि मऊ पडतो, त्यामुळे नवा होज बसवण्याआधी वरची गळती थांबवणे आवश्यक आहे.

डिझेलच्या पाइपाबाबत मात्र हे दुकान आम्हांला पुरले नाही. मासेमारीच्या बोटींवर सर्रास वापरला जाणारा पारदर्शक पाइप डिझेलमध्ये राहून काही काळाने कडक होतो आणि निपलपाशी (होज ज्या तोटीवर चढवतात तिथे) चिरतो. दुकानात मुख्यतः तोच होता. इंजिनच्या कप्प्यात बसणाऱ्या इंधनाच्या होजवर एसएई जे१५२७ आणि प्रकार ए१ किंवा ए२, अथवा आयएसओ ७८४० असा मानकाचा छाप असायला हवा. यांतील ए म्हणजे तो होज आगीच्या चाचणीत अडीच मिनिटे टिकलेला आहे; बी प्रकाराला ही चाचणी लागू नसते. बंद कप्प्यात आग लागलीच, तर ती विझवण्यासाठी मिळणारा वेळ या अक्षरावर अवलंबून असतो. छाप नसलेला होज कितीही जाड असला तरी आम्ही घेतला नाही, आणि मालकांनी त्यावर वादही घातला नाही.

एक्झॉस्टचा होज इथे मिळण्याची अपेक्षाच करू नये. बहुतेक मासेमारी बोटींचा धूर लोखंडी पाइपातून थेट वर जातो, तर शिडाच्या बोटीत धुरात समुद्राचे पाणी मिसळून त्याला थंड केले जाते आणि ते मिश्रण रबरी होजमधून बाहेर सोडले जाते. इम्पेलर (पंपातील फिरते रबरी पाते) फाटून पाणी थांबले, तर त्याच होजमधून काही क्षणांत कोरडा, प्रचंड तापलेला धूर जाऊ लागतो. तेव्हा साधा होज जळतो, केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइड भरतो, आणि आउटलेट पाण्याच्या पातळीजवळ असेल तर बोटीत पाणीही शिरू शकते. पाणी बंद पडलेल्या अवस्थेची चाचणी ज्या मानकात अंतर्भूत आहे, त्या एसएई जे२००६ चा छाप असलेला होज आम्ही मुंबईहून मागवला. तो कित्येक पटींनी महाग पडला. तरीही या एका जागी काटकसर करू नये असे आमचे ठाम मत आहे.

दुकानाविषयी खरी तक्रार होज आवळणाऱ्या क्लिपांची आहे. स्टेनलेस म्हणून दिलेल्या क्लिपांना चुंबक लावून पाहिले, तेव्हा पट्टी चिकटली नाही, पण स्क्रू टपकन चिकटला. म्हणजे पट्टी चांगल्या स्टेनलेसची आणि स्क्रू मुलामा दिलेल्या साध्या पोलादाचा किंवा हलक्या दर्जाच्या, चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेसचा. खाऱ्या हवेत असा स्क्रू गंजून तुटतो आणि पट्टी चकचकीत राहूनही सुटते. शिवाय पट्टीला आरपार खाचा होत्या, ज्या आवळताना रबरात रुततात. ३१६ दर्जाच्या (खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या) स्टेनलेसच्या, खाचा आरपार नसलेल्या आणि कडा गोलावलेल्या क्लिपा मागवण्याची विनंती आम्ही केली आहे. पाण्याच्या पातळीखालच्या प्रत्येक जोडावर दोन क्लिपा लावाव्यात, पण निपल दोन्हींना पुरेल इतका लांब असेल तरच. अन्यथा दुसरी क्लिप निपलच्या टोकापलीकडे बसून होज कापते.

नारळी पौर्णिमा जवळ आली की ट्रॉलरचे मिस्त्री या दुकानातला बराच माल उचलतात. मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै असते. त्यामुळे त्या धांदलीआधी, जुलैच्या पूर्वार्धात गेल्यास माल पूर्ण असतो आणि होज कापून, जुळवून देण्याइतका निवांतपणा मालकांकडे असतो. जुने होज ओढून न काढता लांबीने चिरून काढावेत, म्हणजे निपल तुटत नाही आणि तेच तुकडे लांबीच्या मापासाठी दुकानात नेता येतात.