व्हिटॅमिन सी आणि ई: सहा-सात महिन्यांचा अनुभव

पावसाळ्यापासून रोज व्हिटॅमिन सीची १००० मिलिग्रॅमची विरघळणारी गोळी आणि ४०० मिलिग्रॅमची ई कॅप्सूल घेतली. कारण एकच, ‘रक्तातली अँटिऑक्सिडंट शक्ती (म्हणजे पेशींचं नुकसान रोखण्याची ताकद) वाढते’ असं सगळीकडे वाचलं होतं.

आधी साधं सांगते. गोळी ग्लासात टाकली की फसफसते, संत्र्याचा वास येतो, चव छान. रिकाम्या पोटी घेतली की छातीत जळजळ व्हायची, जेवणानंतर नाही. या गोळ्यांत सोडियम असतं, त्यामुळे बीपीवाल्यांनी विचारूनच घ्यावी. सर्दी नेहमीसारखीच झाली, थकव्यातही फरक जाणवला नाही.

मी लॅबमध्ये अँटिऑक्सिडंट क्षमतेची तपासणीही केली. आकडा वाढला होता! पण त्याच रिपोर्टात युरिक अ‍ॅसिडही वाढलेलं दिसलं, म्हणून खोलात गेले. ही क्षमता मोजणाऱ्या फ्रॅपसारख्या चाचणीत प्लाझ्माच्या (रक्तातल्या द्रव भागाच्या) क्षमतेचा निम्म्याहून जास्त वाटा युरिक अ‍ॅसिडचाच असतो, व्हिटॅमिन सीचा त्याहून बराच कमी. सफरचंदं खाल्ल्यावर ही क्षमता वाढते, तीही मुख्यतः फ्रुक्टोजमुळे (फळांतल्या साखरेमुळे) वाढलेल्या युरिक अ‍ॅसिडमुळे, हे २००४ मध्ये दाखवलं गेलं आहे. म्हणजे आकडा वर गेला म्हणून तब्येत सुधारली असं धरताच येत नाही. हे लोकांना कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

शिवाय रोज २०० ते ४०० मिलिग्रॅमच्या पुढे घेतलं तरी रक्तातली सीची पातळी फारशी चढतच नाही, शरीर जास्तीचं लघवीवाटे बाहेर टाकतं. मुतखड्याचा त्रास असेल त्यांनी तर मोठे डोस टाळावेतच. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीत पुरुषांना दिवसाला ८० आणि बायकांना ६५ मिलिग्रॅम पुरेसं धरलं आहे. एक मोठा पेरू एवढं सहज देतो. आता मी पेरू, आवळा, लिंबू यांवरच आहे, गोळी बंद.

ई बद्दल तर मी ठामपणे ‘नको’ म्हणेन. ‘सिलेक्ट’ या मोठ्या अमेरिकी चाचणीत रोज ४०० युनिट ई घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त आढळला, असं २०११ मध्ये जाहीर झालं. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ई ने रक्तस्रावाचा धोकाही वाढतो.

आमच्या मामंजींना विडी सोडवत नाही. त्यांनी ‘मला पण एक अँटिऑक्सिडंट कॅप्सूल आण’ म्हटलं, तेव्हा मी दुकानात डबी उलटून पाहिली. घटकांत बीटा-कॅरोटीन (शरीर ज्यापासून व्हिटॅमिन ए बनवतं ते) होतं. फिनलंडमध्ये १९९४ साली धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत बीटा-कॅरोटीनच्याच गोळीने फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी वाढलेला दिसला होता. डबी परत ठेवली. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल, तर विकत घेण्याआधी मागचं बारीक अक्षर नक्की वाचा.