८,८५० रुपयांची तपासणी आणि खालच्या आजींची बादली

मुलुंड पूर्वेला भाड्याने द्यायला म्हणून एक जुना वन बीएचके घेतला. सौदा पक्का करण्याआधी घर तपासून देणाऱ्या एका खासगी कंपनीला बोलावलं होतं, त्यांच्याबद्दल लिहितेय. नाव लिहीत नाही, कारण तक्रारीही आहेत आणि त्या पोरांशी माझं भांडण नाही.

फी साडेसात हजार, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ८,८५०. भावोजी म्हणाले, "एवढ्यात माझा गवंडी चार घरं बघून येईल." आमच्यात आजवर घरं अशीच घेतली गेली. नळ सोडून पाण्याचा जोर बघायचा, पूर्व कुठे ते विचारायचं आणि टोकन देऊन मोकळं व्हायचं.

एप्रिलमधल्या एका शनिवारी दोघं आले, एक सिव्हिल इंजिनियर आणि एक वायरिंग बघणारा. इमारत १९८९ची, लिफ्ट नाही, तिसरा मजला, ४२० चौरस फूट कार्पेट. मालकाने घर नुकतंच रंगवलं होतं, वासही गेला नव्हता. मला उलट बरं वाटलेलं, चला, रंगाचे पैसे वाचले. इंजिनियरने बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीला ओल मोजायचं यंत्र लावलं. गुडघ्याच्या खाली आकडा चढा, वर गेलं की उतरलेला. मग मालकाला विचारून त्याने चावीच्या टोकाने थोडं खरवडलं. रंगाखाली पुट्टी, पुट्टीखाली मिठासारखी पांढरी पूड. बाथरूममध्ये काठीने एकेक टाइल वाजवत गेला. सगळ्या टणक वाजत होत्या, फक्त जाळीजवळच्या सहा-सात बद्द. "खालचा कोबा सुटलाय," म्हणाला.

आणि मग म्हणाला, "मॅडम, खालच्या मजल्यावर जाऊन येऊ." हे मला आयुष्यात सुचलं नसतं. दार एका आजींनी उघडलं. आम्ही कशाला आलोय ते ऐकल्यावर एक शब्द न बोलता सरळ बाथरूमकडे घेऊन गेल्या. छतावर चहा सांडल्यासारखे डाग. एका जागी गिलावा पडून सळई उघडी, गंजून फुगलेली. खाली निळी बादली. "चार वर्षं झाली हिला. तुम्ही घेताय ना वरचं? मग आता तुम्हीच करा बाई." सोसायटीच्या उपविधींप्रमाणे बाथरूममधल्या अशा गळतीचा खर्च सोसायटीचा नाही, संबंधित सभासदांचा, आणि गळत होतं ते वरून. म्हणजे घराबरोबर ती बादलीही मी विकत घेत होते.

तीन दिवसांनी अहवाल आला. ३४ पानं, त्यातली निम्मी नुसत्या फोटोंची. पण शेवटच्या दोन पानांसाठी मी पैसे दिले असं समजते. तिथे खर्चाचे आकडे होते: बाथरूम फोडून वॉटरप्रूफिंग १ लाख १५ हजार, भिंतीतले गंजलेले लोखंडी (जीआय) पाइप बदलणं ३८ हजार, वायरिंग आणि अर्थिंग ४२ हजार, खिडक्या २५ हजार. झाले २ लाख २० हजार. मी अकाउंट्समध्ये आहे, घराच्या बाबतीत 'थोडंफार काम निघेल' याला मी बजेट म्हणत नाही. ती दोन पानं आणि आजींच्या छताचा फोटो मालकापुढे ठेवला. किंमत दीड लाखाने उतरून १ कोटी ४ लाखावर आली. घर माझ्या एकटीच्या नावावर, त्यामुळे मुद्रांक शुल्कात बाईमाणसाची १ टक्का सवलत, म्हणजे १ लाख ४ हजार. ते तसेच दुरुस्तीसाठी बाजूला काढले. बाथरूमचं बिल प्रत्यक्षात १ लाख ३२ हजार झालं, कारण फोडलेलं डेब्रिज तीन मजले पाठीवरून उतरवायची मजुरी अहवालात कुणी धरलीच नव्हती.

आता तक्रारी. स्वयंपाकघराची पश्चिमेकडची डेड वॉल, म्हणजे खिडकी नसलेली बाहेरची भिंत, अहवालात 'चांगली'. एप्रिलमध्ये मुंबईतली कुठली भिंत चांगली नसते? जुलैत वाऱ्याचा पाऊस लागला आणि भाडेकरूच्या डब्यांच्या फळीमागे पोपडे आले. बाहेरची भिंत सोसायटीची, पण फोन मला येतात. कंपनीला विचारलं तर पावसाळी फेरीचे वेगळे चार हजार. हे आधी सांगायला काय हरकत होती?

दुसरी तक्रार मोठी आहे. हे लोक उंबऱ्याच्या आतलंच बघतात. जुन्या इमारतीत तुमच्या खर्चाचा मोठा वाटा सोसायटीच्या ऑफिसातल्या कपाटात असतो, आणि त्याबद्दल ३४ पानांत एक ओळ नाही. तीस वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे एवढं मला ठाऊक होतं, म्हणून मी स्वतःच जाऊन अहवाल मागितला. सेक्रेटरी काका आधी म्हणाले, "झालंय हो ते सगळं." दुसऱ्या खेपेला फाइल निघाली. ऑडिटमध्ये इमारतीचा वर्ग सी-२बी, म्हणजे घरं रिकामी न करता करायची स्ट्रक्चरल दुरुस्ती. (सी-१ असता तर धोकादायक, पाडायची इमारत, मी तिथूनच परत फिरले असते.) त्याच फाइलमध्ये सर्वसाधारण सभेचा ठराव: प्रत्येक फ्लॅटमागे १ लाख ६० हजार, चार हप्त्यांत. मालकाने नो ड्यूजचा दाखला आधीच दाखवला होता आणि तो खोटाही नव्हता. पहिल्या हप्त्याचं बिलच निघालं नव्हतं, मग थकबाकी कुठली? निम्मी रक्कम मालकाने द्यायची असं करारनाम्यात लिहून घेतलं, तेव्हा सही केली.

शिवाय ज्यांना वाटतं की दुरुस्तीची बिलं आयकरात दाखवू, त्यांच्यासाठी: भाड्यातून, आपण भरलेला मालमत्ता कर वजा केल्यावर उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, खर्च शून्य झाला काय नि तीन लाख झाला काय.

पाचपैकी साडेतीन स्टार. एक त्या आजींकडे नेलं त्याचा, दोन शेवटच्या दोन पानांचे, अर्धा वेळेवर आले म्हणून. भावोजींच्या मुलाला ठाण्यात घर बघायचंय, त्यांनी परवा माझ्याकडून कंपनीचा नंबर घेतला. गवंडीही बरोबर नेणार आहेत म्हणे.