तासिका तत्त्व की संशोधन? सेट-नेटनंतर काय धरावं

सेट किंवा नेट (सहायक प्राध्यापक होण्यासाठीची राज्याची आणि देशपातळीवरची पात्रता परीक्षा) झालंय, पण सहायक प्राध्यापकाच्या पक्क्या पदाची जाहिरात निघत नाही. राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठांत तोवर दोन वाटा उरतात: तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या मानधनावर तात्पुरतं शिकवणं, नाहीतर फेलोशिप किंवा प्रकल्पावर संशोधन.

पैशात जेआरएफ (नेटमध्ये वरचे गुण मिळवणाऱ्यांची संशोधन फेलोशिप) सरळ सरस. पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, वर घरभाडे भत्ता. तासिकेला घेतलेल्या तासांचेच पैसे मिळतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये तासाला १,५०० आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये सुचवले, राज्याचा दर त्याहून कमी आहे. परीक्षा आणि सुट्ट्यांचे महिने कोरडेच.

खरा फरक पडतो तो मुलाखतीला बोलावण्याआधीच्या छाननीत. आयोगाच्या २०१८ च्या नियमांत विद्यापीठातील सहायक प्राध्यापकासाठी १०० गुणांचा तक्ता आहे. त्यात पीएचडीला ३०, नेटसह जेआरएफला ७, नुसत्या नेटला ५, सेटला ३ गुण. शोधनिबंधांना कमाल १०. शिकवण्याच्या किंवा पोस्ट-डॉकच्या (पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या) अनुभवाला वर्षाला २, कमाल १०. म्हणजे पाच वर्षं तास घेऊन १० गुण, तर एका पीएचडीचे ३०. २०२३ पासून या पदाला पीएचडी सक्तीची नाही, हे खरं. पण छाननीत तिचं वजन जाणवतंच. जाहिरातीसोबत वेगळा तक्ता दिला असेल तर तोच धरावा.

यात एक मेख आहे. पीएचडी करण्यात गेलेला काळ अध्यापन वा संशोधनाचा अनुभव म्हणून धरत नाहीत. रजा न घेता, नोकरीत शिकवत केलेली पीएचडी तेवढी अपवाद.

तासिकेचा अनुभव बुडतो तो कागदांपायी. नेमणुकीला विद्यापीठाची मान्यता नसेल तर महाविद्यालयाचा नुसता दाखला छाननीत टिकणं कठीण. म्हणून मान्यतापत्र दरवर्षी, त्याच वर्षी मागून घ्या. पाच वर्षांनी ते शोधणं म्हणजे डोकेदुखी. पुढे पक्की नोकरी लागली तरी पदोन्नतीसाठी ही वर्षं सहसा मोजत नाहीत, कारण तात्पुरत्या सेवेतलं वेतन नियमित शिक्षकापेक्षा कमी नसावं अशी अट आहे.

प्रकल्पाच्या जाहिरातीत निधी देणारी संस्था आणि उरलेली मुदत आधी पाहा. आठ महिने उरलेल्या प्रकल्पासाठी गाव बदलणं परवडत नाही. उपयोगिता प्रमाणपत्र (आधीचा निधी कुठे खर्च झाला याचा दाखला) वेळेत गेलं नाही की पुढचा हप्ता अडतो, आणि त्याबरोबर तुमचा पगारही. प्रकल्पावर नेमणूक म्हणजे पीएचडीला प्रवेश नव्हे; नोंदणी करू देणार का, हे मुलाखतीतच विचारा.

जेआरएफची वयोमर्यादा ३० आहे (महिला, अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेयर ओबीसी, दिव्यांग आणि तृतीयपंथी उमेदवारांना ५ वर्षं सवलत), सेटला वयाची अट नाही. भाषा आणि वाणिज्य विभागांत प्रकल्प मुळातच कमी असतात. तिथे तासिका घ्यावी, पण पीएचडीची नोंदणी पहिल्याच वर्षी उरकावी.