आवाज येतो, चित्र काळं: हॅन्डब्रेक की शटर एन्कोडर?

गड्डा (सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा) जवळ आला की माझ्याकडे पेनड्राइव्ह जमू लागतात. कुणाकडे नंदीध्वजांची मिरवणूक, कुणाकडे संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा. बहुतेक शूटिंग आयफोनवरचं. एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर टाकावं तर खाली आवाजाची पट्टी व्यवस्थित, ‘एकदा भक्तलिंग हर्र’चा गजर खणखणीत, आणि वर चित्राच्या जागी काळा चौकोन. तीच फाइल व्हीएलसी प्लेअरमध्ये मजेत चालते, म्हणून आणणाऱ्याला वाटतं, यालाच जमत नाहीये.

फाइल खराब नसते. २०१७ मध्ये आयओएस ११ आल्यापासून नवे आयफोन एचईव्हीसीत (व्हिडिओ जास्त दाबून साठवायची पद्धत) शूट करतात आणि आयफोन १२ पासून त्यावर १० बिटचा एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराच्या जास्त छटा टिपणारा व्हिडिओ. जुनी सॉफ्टवेअर आणि काही फुकट आवृत्त्या तिथे अडतात. विंडोज असेल तर आधी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलं एचईव्हीसी एक्स्टेन्शन टाकून बघा. तेवढ्यानं भागलं तर पुढचं वाचायची गरज नाही. माझं भागलं नाही. चित्र आलं, पण अडखळत.

मग उरतं फाइल बदलून घेणं. ते करणारी सॉफ्टवेअर हॅन्डब्रेक आणि शटर एन्कोडर, दोन्ही फुकट, दोन्ही मी वापरलेत.

हॅन्डब्रेक शिकायला सोपं. फाइल ओढून टाकली, एच.२६४ (जवळपास सगळीकडे चालणारा व्हिडिओचा प्रकार) निवडलं, सुरू. फाइलही लहानच राहते. एक काळजी मात्र घ्या: फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, तो ‘कॉन्स्टंट’ करा. फोन अंधारात फ्रेम रेट वरखाली करतो आणि तो तसाच राहिला की लांब क्लिपमध्ये ओठ आणि आवाज वेगळे होतात. हॅन्डब्रेकचा तयार प्रीसेट (सेटिंगचा संच) बदलला की ही निवड पुन्हा ‘पीक’वर, म्हणजे वरखाली होऊ देण्यावर, जाते. माझी एक मिरवणूक त्यात गेली, हलगीवर काठी पडायची आणि आवाज मागून यायचा. स्वतःचा प्रीसेट सेव्ह केला की हा प्रश्न मिटतो, त्यामुळे एवढ्यावरून मी ते सोडलं नसतं.

सोडलं ते अक्षतांमुळे. सोहळ्यात ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ म्हटलं की हजारो हात एकदम वर जातात. कट नेमका तांदूळ हातातून सुटतो त्या फ्रेमवर हवा. मी डावा बाण दाबायचो, चित्र जागचं हलायचं नाही. पुन्हा दाबायचो, तर एकदम चार फ्रेम मागे. पुढे यावं तर अक्षता खाली पडलेल्या. एका कटाला दहा मिनिटं. दोष हॅन्डब्रेकचा नाही, एच.२६४ चा आहे. त्यात बहुतेक फ्रेम शेजारच्या फ्रेमच्या आधारानं साठवलेल्या असतात, एक पाऊल मागे जायचं तरी सॉफ्टवेअरला मागची पूर्ण फ्रेम गाठून हिशोब मांडत यावं लागतं. नव्या मशीनवर हे जाणवणारही नाही कदाचित. माझा आय-फाइव्ह जुना आहे.

शटर एन्कोडरमध्ये मी प्रोरेस एलटी (अ‍ॅपलचा एडिटिंगसाठीचा फॉरमॅट) करतो. यात प्रत्येक फ्रेम आपल्या पायावर उभी, बाण दाबला की एकच फ्रेम हलते. अक्षता हवेत, हातात, हवेत, हवं तिथं थांबा. फ्रेम रेट इथेही आपणच सांगायचा, मी २५ ठेवतो. पडदा मात्र बटणांनी गजबजलेला, पहिल्या दिवशी नवीपेठेत दिवाळीच्या संध्याकाळी गाडी घातल्यासारखं होतं. आणि जागा! आयफोनचं साधं १०८० मिनिटाला साधारण ६० एमबी, म्हणजे ताशी ३.६ जीबी; प्रोरेस एलटी ताशी ३८ जीबीच्या आसपास. दहापट धरून चाला. लॅपटॉपवर २५६ जीबीच असेल, किंवा दोन-तीन क्लिप जोडून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायच्या असतील, तर हॅन्डब्रेकच बरं, उगाच डिस्क भरू नका.

अजून एक. फाइल एमकेव्ही (व्हिडिओ ठेवायच्या डब्याचा एक प्रकार) असल्यामुळेच सॉफ्टवेअर घेत नसेल, तर शटर एन्कोडरमधलं ‘रीरॅप’ फक्त डबा बदलतं, आतला माल तोच. लांबलचक स्क्रीन रेकॉर्डिंगसुद्धा चहा गाळेपर्यंत होतं. हॅन्डब्रेक तीच फाइल सगळी नव्यानं एन्कोड करत बसतं.

रंग फिके दिसले तर ते एचडीआरचं काम. पुढच्या वेळी आयफोनवाल्याला कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एचडीआर व्हिडिओ बंद आणि फॉरमॅट ‘मोस्ट कम्पॅटिबल’ करायला सांगा. मी दरवर्षी सांगतो. दरवर्षी पेनड्राइव्ह तसेच येतात.