सिरॅमिक ब्रेसेस: लग्न तोंडावर आलेल्यांसाठी

दातांच्या रंगाचे हे ब्रेसेस फोटोत खरंच कमी दिसतात. ‘पिवळे पडतात’ ही तक्रार मात्र अर्धीच खरी. दातावर चिकटवलेला छोटा तुकडा, म्हणजे ब्रॅकेट, सहसा डागत नाही. डागते ती त्यावरची पारदर्शक रबरी रिंग, तीही हळदीच्या रश्शाच्या एका जेवणात. म्हणून रिंगा बदलायची अपॉइंटमेंट सगळी केळवणं आटोपल्यावर, लग्नाच्या आदल्या दिवशी घ्या. तेव्हा तार बदलू नका म्हणून डॉक्टरांना आधीच सांगा. नवी तार पडली की दोन-तीन दिवस दात ठणकतात, पंगतीतली जिलेबीही चावत नाही.

खालच्या दातांना धातूचेच बसवा. सिरॅमिक हे इनॅमलपेक्षा, म्हणजे दाताच्या वरच्या आवरणापेक्षा, कठीण. वरचे दात त्यावर घासले तर झिजतात. हसताना खालची ओळ तशीही फारशी दिसत नाही, पैसे वाचतात ते वेगळेच.

चकली, सुपारी, बर्फ यांनी ब्रॅकेट सुटतं. पर्समध्ये ऑर्थो वॅक्स, म्हणजे ब्रेसेसवर लावायचं मऊ मेण, हवंच: गालाला टोचणारं तारेचं टोक कोरडं करून त्यावर वाटाण्याएवढा गोळा दाबायचा. समारंभापुरते ब्रेसेस काढून पुन्हा लावायचा हट्ट महागात पडतो. खर्च दोनदा, शिवाय मधल्या दिवसांत दात जागेवर धरणारा रिटेनर घातला नाही तर दात सरकायला लागतात.