‘ड्रोन स्कॅनर’: एल्कच्या मागे जाणाऱ्यांसाठी कामाचं अ‍ॅप, पण फोन बघून घ्या

आधी निकाल सांगतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत सरकारी जंगलात एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला किंवा नुसतं टेहळणीला जात असाल आणि हातात अँड्रॉइड फोन असेल, तर आसपास उडणारा ड्रोन पडद्यावर दाखवणारं ‘ड्रोन स्कॅनर’ टाकून घ्या. ड्रोनटॅग कंपनीचं आहे, फुकट आहे. आयफोनवाल्यांनी मात्र फार आशा ठेवू नये. कारण पुढे देतो.

मी फोर्ट कॉलिन्सला राहतो, मूळचा जुन्नरकडचा. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी असं माझं ठाम मत आहे. इथली व्यवस्था निराळी. हंटर एज्युकेशनचं कार्ड लागतं, मग टॅग म्हणजे शिकारीचा परवाना, टॅगवर ठरलेला भाग आणि ठरलेले दिवस. मारलेल्या जनावराचं खाण्याजोगं मांस वाया घालवलं तर गुन्हा. सप्टेंबरात धनुष्यबाणाचा सीझन असतो, त्यासाठी मी ऑगस्टपासूनच फ्लॅट टॉप्सच्या रानात, ट्रॅपर्स लेकच्या वरच्या अंगाला, दुर्बीण घेऊन बसतो.

अलीकडे त्या आभाळात ड्रोन दिसायला लागलेत. कोलोरॅडोचा नियम स्पष्ट आहे: शिकारीला मदत म्हणून ड्रोनने जनावर शोधायचं नाही, सीझनआधीची टेहळणीसुद्धा करायची नाही. तरी उडवणारे उडवतात. ड्रोन दिसला की आपण नुसते वर बघत राहायचो. कोणाचा, कुठून आला, काही पत्ता नाही. तक्रार करायची तर काय सांगणार, ‘आकाशात काहीतरी घोंगावत होतं’?

इथे हे अ‍ॅप कामाला येतं. अमेरिकेत नोंदणी लागणाऱ्या प्रत्येक ड्रोनला ‘रिमोट आयडी’ सक्तीचा आहे. मार्च 2024 पासून एफएएने, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामकाने, त्याची अंमलबजावणी सुरू केली. ड्रोन उडताना स्वतःच ब्लूटूथवर किंवा वायफायवर आपली माहिती प्रसारित करत राहतो: ओळख क्रमांक, जागा, उंची, वेग. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उडवणारा कुठे उभा आहे ते. अ‍ॅप फक्त हे ऐकतं आणि दाखवतं. त्याला मोबाइलची रेंज लागत नाही, आणि फ्लॅट टॉप्समध्ये रेंज नसतेच.

मागच्या ऑगस्टमधली गोष्ट. उजाडता उजाडता मी एका गवताळ माळाच्या कडेला स्प्रूसच्या बुंध्याशी बसलो होतो. समोरच्या उतारावर माद्या आणि पिल्लं चरत होती, पिल्लांचं बारीक आवाजातलं बोलणं माझ्यापर्यंत येत होतं. वारा अजून डोंगरावरून खाली वाहत होता, म्हणजे माझा वास त्यांच्यापासून दूर जात होता. उन्हं आली की हाच वारा उलटा वर चढतो, त्याआधी जागा बदलायची असं ठरवत होतो. तेवढ्यात एका वयस्क मादीने मान वर केली. कान माझ्या दिशेला नव्हते, आभाळाकडे होते. मला तो आवाज तिच्यानंतर ऐकू आला. सगळी जनावरं एका जागी गोळा झाली, पिल्लं पायांत आली, आणि बघता बघता कळप झाडीत शिरला. ड्रोन सहज फिरत नव्हता. शेत नांगरल्यासारखा त्या उतारावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेघा मारत होता.

फोन काढला. थोड्या वेळाने पडद्यावर ड्रोन आला आणि त्याच्याबरोबर उडवणाऱ्याची जागा. ते आकडे मी माझ्या ऑफलाइन नकाशात टाकले, तर ठिपका वाइल्डरनेसच्या, म्हणजे कायद्याने राखून ठेवलेल्या रानाच्या, हद्दीच्या आत पडला. हा मुद्दा फार मोठा आहे. 1964 च्या वाइल्डरनेस कायद्याखाली आलेल्या भागात इंजिनाचं काही चालत नाही, साधी सायकलसुद्धा नेता येत नाही, आणि ड्रोन तिथून उडवायला किंवा तिथे उतरवायला मनाई आहे. हद्दीबाहेर उभं राहून उडवला तर प्रकरण वेगळं होतं. म्हणजे ड्रोन कुठे आहे यापेक्षा माणूस कुठे उभा आहे यावर सगळं ठरतं. मी स्क्रीनशॉट घेतले, वेळ आणि क्रमांक वहीत उतरवला. खाली रेंजमध्ये आल्यावर वन्यजीव अधिकाऱ्याला फोन केला, तर त्यांचा पहिला प्रश्न हाच: ‘उडवणारा नेमका कुठे होता?’ उत्तर माझ्या हातात होतं.

आता मर्यादा. पहिली म्हणजे आयफोन. बाजारातले बरेच ड्रोन रिमोट आयडी वायफायवर पाठवतात आणि आयफोनवर अ‍ॅपला तो वायफाय सिग्नल वाचता येत नाही, फक्त ब्लूटूथचा काही भाग मिळतो. यात अ‍ॅप बनवणाऱ्याचा दोष नाही, पण तुमचा उपयोग अर्ध्याहून कमी होतो. अँड्रॉइडमध्येही एक काम आधी करा: डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन ‘वायफाय स्कॅन थ्रॉटलिंग’ बंद करा. नाहीतर फोन बॅटरी वाचवायला वायफायचा शोध थांबवून थांबवून घेतो आणि ड्रोन येऊन गेला तरी कळत नाही.

दुसरी मर्यादा कायद्यातलीच आहे. हौसेखातर उडवलेल्या, 250 ग्रॅमपेक्षा हलक्या ड्रोनला नोंदणीही नाही आणि रिमोट आयडीही नाही. ते छोटे ड्रोन इथे दिसणार नाहीत. मुद्दाम यंत्रणा बंद करून उडवणाराही दिसणार नाही. पडदा रिकामा आहे म्हणून आभाळ रिकामं आहे असं धरू नका. मध्ये डोंगराचा कडा आला तरी सिग्नल तुटतो.

मालकाचं नाव अ‍ॅप दाखवत नाही, आणि ते बरोबरच आहे. क्रमांकावरून नाव काढणं एफएए आणि पोलिसांचं काम. ठिपका दिसला म्हणून तिकडे भांडायला जाऊ नका. दोघांच्याही हातात शस्त्र असू शकतं. आणि ड्रोनवर गोळी किंवा बाण चालवण्याचा विचारही नको. कायद्याने ते विमान आहे, ते पाडणं हा केंद्रीय गुन्हा ठरतो.

कोणी म्हणेल, एवढं कशाला? मला हे मनापासून लागतं. एल्कला नाक आहे, कान आहेत, कळपातल्या म्हाताऱ्या माद्यांची हुशारी आहे. माझ्याकडे दोन पाय आणि वाऱ्याचा अंदाज. बहुतेक वेळा तीच जिंकते, आणि तसंच असायला हवं. वरून थर्मल म्हणजे उष्णता टिपणारा कॅमेरा फिरवला तर झाडीत बसलेलं जनावरही पडद्यावर पांढरं चमकू शकतं. त्याला शिकार म्हणायला माझी जीभ वळत नाही. शिकारीचे विक्रम नोंदवणारा अमेरिकेतला बून अँड क्रॉकेट क्लबही ड्रोनच्या मदतीने मारलेलं जनावर आपल्या नोंदवहीत घेत नाही.

अँड्रॉइडवर पाचपैकी चार तारे, आयफोनवर दोन. नेताना पॉवर बँक बरोबर ठेवा. सप्टेंबरातल्या पहाटेच्या गारठ्यात फोनची बॅटरी झपाट्याने उतरते, आणि वायफाय-ब्लूटूथ सतत चालू असलं की आणखीच. अधिकाऱ्याचा नंबर आणि ‘ऑपरेशन गेम थीफ’ या चोरट्या शिकारीच्या तक्रारी घेणाऱ्या योजनेचा नंबर घरूनच वहीत लिहून न्या.