एकाच सर्व्हरवर पार्टिशन बदलताना: सीपी, आरसिंक, टार की डीडी?

सर्व्हर तोच, मध्ये नेटवर्क नाही, तरी एका पार्टिशनवरचा (डिस्कच्या एका भागावरचा) डेटा दुसऱ्यावर न्यायला रात्र पुरत नाही. अशा वेळी आपण लगेच आरसिंक या लिनक्सवरच्या कॉपी-कमांडचे पर्याय चाळायला लागतो. त्याआधी ‘एलएसबीएलके’ (डिस्क आणि पार्टिशनची यादी दाखवणारी कमांड) चालवा आणि एवढंच बघा: दोन्ही पार्टिशन एकाच डिस्कवर आहेत का?

तसं असेल आणि डिस्क फिरती असेल, तर वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या त्याच हेडला वाचायला इकडे आणि लिहायला तिकडे धावावं लागतं. सलग वाचताना सेकंदाला १५० एमबी देणारी डिस्क अशा कामात निम्म्याच्याही खाली येते. चार कॉप्या एकदम लावल्या तर हेडची धावपळ आणखी वाढते. दुसरी डिस्क जोडता येत असेल तर आधी ती जोडा, कमांडचं नंतर बघू. एसएसडीला हेडच नसतं, त्यामुळे तिथे समांतर कॉप्यांचा खरोखर फायदा होतो, विशेषतः फाइल्स बारीक असतील तर.

दुसरा प्रश्न फाइल्सच्या संख्येचा. समजा १० केबीच्या २० लाख फाइल्स आहेत, म्हणजे डेटा अवघा २० जीबी. सलग वाचला तर १५० एमबीच्या वेगाने सव्वादोन मिनिटांचं काम. पण प्रत्येक फाइलमागे हेडची १० मिलिसेकंदांची एकच उडी धरली तरी २०,००० सेकंद होतात, म्हणजे साडेपाच तास! त्यामुळे ‘किती जीबी’ यापेक्षा ‘किती फाइल्स’ हे आधी मोजा. ‘डीएफ’ या कमांडला ‘आय’ पर्याय दिला की आयनोडचा (प्रत्येक फाइलमागच्या नोंदीचा) आकडा समोर येतो.

सीपी की आरसिंक

खरी निवड बहुतेकदा या दोघांतच असते. आरसिंक १९९६ मध्ये आलं ते नेटवर्कवरून फक्त बदललेला भाग पाठवण्यासाठी. दोन्ही टोकं एकाच यंत्रावर असली की ते ही युक्ती आपणहून बाजूला ठेवतं आणि पूर्ण फाइल कॉपी करतं, कारण फरक शोधायला दोन्हीकडचा डेटा वाचणं इथे महागच पडतं. ‘झेड’, म्हणजे कॉम्प्रेशन, लावून इथे काहीच मिळत नाही. आणि ‘सी’, म्हणजे चेकसम (फाइलच्या मजकुरातून काढलेला पडताळणीचा आकडा), लावलात तर नवी जागा रिकामी असली तरी मूळ डेटा आधी चेकसमसाठी आणि मग कॉपीसाठी असा दोनदा वाचला जातो.

म्हणून रिकाम्या पार्टिशनवरच्या पहिल्या कॉपीला मी ‘सीपी’ ही साधी कॉपी-कमांडच वापरतो, ‘ए’ पर्यायासह. परवानग्या, मालकी, वेळा, हार्डलिंक (एकाच फाइलची अनेक नावं) सगळं जपलं जातं आणि मध्यस्थ प्रक्रियांचा भार नसतो. उणीव मोठी आहे: मध्येच तुटलं तर कुठवर आलं होतं ते त्याला कळत नाही. तिथून पुढे आरसिंकचं राज्य. आकार आणि बदलाची वेळ जुळली की ते फाइल सोडून देतं, त्यामुळे दुसरी फेरी पहिलीच्या मानाने फार लवकर आटपते.

म्हणून दोघांची जोडी लावा. सेवा चालू असतानाच सीपीने मोठा ढीग हलवा, मग सेवा थांबवून आरसिंकची शेवटची फेरी ‘डिलीट’सह (मूळ जागी नसलेल्या फाइल्स नव्या जागी पुसणारा पर्याय) मारा. सेवा बंद राहते ती फक्त या फेरीपुरती. मात्र पहिल्या फेरीत ‘ए’ऐवजी नुसता ‘आर’ दिलात, तर फाइल्सच्या वेळा बदलतात आणि आरसिंक सगळं पुन्हा कॉपी करतं.

हार्डलिंकबद्दल मुद्दाम सांगतो. आरसिंकचा ‘ए’ हार्डलिंक जपत नाही, त्याला मोठा ‘एच’ वेगळा द्यावा लागतो. हार्डलिंकवर उभे असलेले बॅकअप हलवताना मी तो विसरलो. एकच फाइल प्रत्येक तारखेसाठी नव्याने लिहिली गेली आणि जुन्याहून मोठं असलेलं नवं पार्टिशन पहाटे भरून बंद पडलं. सहा तासांची कॉपी पुसून पुन्हा सुरुवात करताना झालेली चडफड मला अजून आठवते.

‘एमव्ही’चा, म्हणजे फाइल हलवण्याच्या कमांडचा, मोह टाळा. एकाच फाइलसिस्टिममध्ये ते फक्त नाव बदलतं म्हणून क्षणात होतं. पार्टिशन बदललं की आतून कॉपी करून मग मूळ पुसतं.

टार

टार फाइल्स एका सलग प्रवाहात बांधतो. एक टार वाचतो, दुसरा पाइपमधून घेऊन लिहितो. दोन वेगळ्या डिस्क असतील तर वाचन आणि लेखन एकाच वेळी चालतं, मध्ये ‘एमबफर’ (डेटा काही काळ साठवणारी कमांड) ठेवला तर आणखी सुरळीत. एसीएल (वापरकर्त्यागणिक दिलेल्या जादा परवानग्या) आणि विस्तारित गुणधर्म मात्र स्पष्ट मागावे लागतात.

डीडी

बारीक फाइल्सनी गच्च भरलेलं पार्टिशन असेल तर डीडीला तोड नाही. त्याला फाइल्स दिसतच नाहीत, ते ब्लॉक ओळीने उचलतं. पार्टिशन २० टक्केच भरलेलं असेल तर मात्र उरलेली ८० टक्के रिकामी जागाही वाहून नेतं. ब्लॉकचा आकार मूळचा ५१२ बाइट असतो, तो १६ एमबी करा. मूळ पार्टिशन अनमाउंट (सिस्टिमपासून सोडवलेलं) हवं, निदान फक्त-वाचनीय तरी. नवं पार्टिशन तेवढंच किंवा मोठं हवं. शिवाय यूयूआयडीही (फाइलसिस्टिमची वेगळी ओळख) जशीच्या तशी येते: एक्सएफएस हा फाइलसिस्टिमचा प्रकार अशी जुळी एरवी माउंटच करू देत नाही, म्हणून ती आधी बदला.

एलव्हीएम (अनेक डिस्कची जागा एकत्र हाताळणारी लिनक्सची व्यवस्था) असेल तर कॉपीच टळू शकते. त्याच व्हॉल्यूम ग्रुपमध्ये (डिस्कच्या गटात) नवी डिस्क घालून ‘पीव्हीमूव्ह’ चालवा. फाइलसिस्टिम माउंट असताना डेटा सरकतो, मध्ये तुटलं तर तिथूनच पुढे सुरू करता येतं. फाइलसिस्टिमचा प्रकारच बदलायचा असेल तर हा मार्ग नाही.

विंडोज सर्व्हरवर रोबोकॉपी या कमांडचा ‘एमटी’ पर्याय बघा. मूळचे ८ धागे (समांतर कॉप्या) १२८ पर्यंत वाढवता येतात, पण फिरत्या डिस्कवर ते वाढवू नका.

कुठलीही पद्धत घ्या, पहिल्या काही मिनिटांच्या वेगावर विश्वास ठेवू नका. सुरुवातीचे लेखन मेमरीतल्या कॅशमध्ये जातं, ती भरली की खरा वेग दिसतो. काम झालं की आरसिंकची एक कोरडी फेरी चेकसमसह चालवा, काही कॉपी न करता ती फक्त फरक दाखवते. इथे तिला लागणारा वेळ सार्थकी लागतो. जुनं पार्टिशन आठवडाभर फक्त-वाचनीय माउंट करून ठेवा, मगच पुसा.